फेलोशिपचा अर्ज सगळ्यात शेवटी लिहायचा असतो

दर वर्षी जून संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर तेच मेसेज सुरू होतात, "ताई, पंधरा तारीख शेवटची आहे, एवढं प्रपोजल बघून देता का". बघून देते. पण बऱ्याचदा प्रपोजल सुधारून काही उपयोगच नसतो, कारण ज्या फेलोशिपला ते पाठवायचंय ती या माणसासाठी नसतेच, किंवा असते पण तिला लागणारं एक पत्र फेब्रुवारीतच मागायला हवं होतं. आपल्याकडे सगळे आधी प्रपोजल लिहायला बसतात आणि कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात जमवतात. हे बरोबर उलटं करायचं असतं, आणि दर वेळी वेगवेगळ्या लोकांना तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान, लोककला असल्या विषयांत पीएचडी करणारे, करून झालेले, कॉलेजात शिकवणारे आणि कुठल्याच संस्थेत नसलेले, सगळ्यांसाठी आहे.

## १. आधी स्वतःची एक पानी कुंडली काढा

एका कागदावर लिहा: जन्मतारीख, प्रवर्ग, पीएचडी रजिस्ट्रेशनची तारीख, थीसिस कधी सबमिट करणार, नेट किंवा जेआरएफ (यूजीसीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आहे का, नोकरी आहे का आणि ती परमनंट की सीएचबी (तासिका तत्त्वावरची), सलग किती महिने रजा मिळू शकते, पासपोर्ट कधी संपतो, आणि सध्या कुठली फेलोशिप चालू आहे का.

हे बालिश वाटतं पण अर्धे अर्ज इथेच पडतात. जेआरएफला ३० वर्षांची अट आहे, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट, आणि हे माहीत असूनही एकतिसाव्या वर्षी फॉर्म भरायला बसलेला ओपन कॅटेगरीतला मुलगा मला दर दोन वर्षांनी एक तरी भेटतो. फुलब्राइट-नेहरूच्या डॉक्टरल फेलोशिपचं तर गणितच वेगळं. ती भारतात पीएचडीला रजिस्टर असलेल्यांना ६ ते ९ महिने अमेरिकेत काम करायला मिळते आणि ग्रँट संपून निदान तीन महिने होईपर्यंत थीसिस सबमिट करायची नसते. म्हणजे शेवटच्या वर्षात "चला आता अमेरिकेला जाऊन येऊ" असं सुचलं तर गाडी सुटलेली असते. रजिस्ट्रेशन झाल्यावर पहिल्या दीड-दोन वर्षांत हा विचार करायचा.

तपासा: पासपोर्ट, मार्कशीट आणि आधारवर नाव सारखंच आहे ना? लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे आजच बघा, गॅझेट आणि ॲफिडेव्हिटमध्ये दोन महिने सहज जातात.

## २. पैसे कशाचे मिळणार ते नीट वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. फेलोशिप म्हटलं की आपल्याला वाटतं विषय चांगला असला की पैसे मिळतात, पण पैसे देणाऱ्याला विषय नको असतो, एक ठरावीक काम व्हायला हवं असतं. ते काम कोणतं ते ओळखलं नाही तर चांगला विषयही वाया जातो.

पीएचडी करताना महिन्याचा खर्च भागवणारे पैसे. यूजीसीची जेआरएफ यात मुख्य, १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. त्याखेरीज आपल्या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, तिचा अर्ज करायचं अनेकींच्या लक्षातच येत नाही. या सगळ्यांत प्रपोजलपेक्षा पात्रता आणि कागद जास्त बघतात.

विषयानुसार परिषदा. इतिहासाला आयसीएचआर, तत्त्वज्ञानाला आयसीपीआर, समाजशास्त्रांना आयसीएसएसआर. मराठी साहित्यात पीएचडी करणाऱ्यांनी आयसीएसएसआरला शुद्ध समीक्षेचा विषय पाठवू नका, तिथे समाजशास्त्रीय प्रश्न लागतो. दलित आत्मकथनांची भाषाशैली हा विषय तिथे बसणं अवघड, पण त्याच आत्मकथनांतून स्थलांतर आणि शहरातली मजुरी कशी दिसते हा बसू शकतो. पण उगाच नावाला मुलामा देऊ नका, आत प्रश्न तोच राहिला तर वाचणाऱ्याला लगेच कळतं.

निवांत बसून पुस्तक लिहायला. शिमल्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी, म्हणजे राष्ट्रपती निवासात भरणारी, ती यासाठी. तिथे राहावं लागतं आणि शेवटी हस्तलिखित द्यावं लागतं, त्यामुळे घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर अर्ज करण्याआधी घरात बोला, निवड झाल्यावर नाही. स्वातंत्र्यानंतरच्या भारतावर पुस्तक लिहायचं असेल तर न्यू इंडिया फाउंडेशन आहे, आणि मराठीतलं वैचारिक गद्य इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी त्यांचीच अनुवादाची वेगळी फेलोशिप. ही कथा-कादंबरीला नाही, तरी दर वर्षी कोणीतरी कादंबरीचाच नमुना घेऊन येतं.

संस्थेबाहेर काम करणाऱ्यांना. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघाच, कारण तिथे प्रपोजल मराठीतून दिलं तरी चालतं. तमाशा, दशावतार, जुनी पोस्टर्स, बँडवाले, कशावरही काम करणारा माणूस इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहायचं कारण नाही. सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्युनियर आणि सीनियर फेलोशिपही आहेत, त्या मंत्रालयाच्याच सीसीआरटी या संस्थेमार्फत, साधारण चाळिशीच्या आतले ज्युनियर आणि वरचे सीनियर.

जुने कागद वाचवायला. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम २००४ पासून चालू आहे. यात संशोधनाला दमडी मिळत नाही. नष्ट होऊ घातलेल्या कागदांचं डिजिटायझेशन करायचं, मूळ कागद आहे त्याच देशात ठेवायचे आणि डिजिटल प्रती सगळ्यांना खुल्या करायच्या, एवढंच काम. वाड्यातल्या माळ्यावर मोडी दप्तर पडलंय आणि मला त्यावर पुस्तक लिहायचंय, असं लिहिलं की अर्ज गेला. दप्तराला वाळवी लागलीय, मालकांची लेखी परवानगी आहे, कागद अमुक संस्थेत राहतील, असं लिहायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं साहित्य असेल, म्हणजे कॅसेट, चळवळीची पत्रकं वगैरे, तर यूसीएलए लायब्ररीचा मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम जास्त जवळचा.

⚠ परदेशातून पैसे तुमच्या संस्थेच्या खात्यात येणार असतील तर त्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच, आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेऊन दुसरीला द्यायची सोयही गेली. गावातल्या छोट्या वाचनालयाला यजमान संस्था करायचं तुम्ही भावनेच्या भरात ठरवाल आणि मंजुरीनंतर पैसेच घेता येणार नाहीत. एकट्या व्यक्तीला मिळणारी स्कॉलरशिप किंवा स्टायपेंड ही वेगळी गोष्ट, कायद्यात त्याला सूट आहे.

⚠ केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर परदेशात पीएचडी करायचं ठरवत असाल तर २०२२ चे नियम उघडून वाचा. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे समाजशास्त्रीय विषय त्यात वगळलेत. अनुसूचित जातींतल्या कितीतरी मुलांना ॲडमिशन मिळाल्यावर हे कळलं, आणि तेव्हा विषय बदलणं म्हणजे गाईड बदलणं.

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या मराठी मुलांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची ज्युनियर फेलोशिप बघावी, भारतात येऊन फील्डवर्क करायला ती मिळते आणि तिथल्या युनिव्हर्सिटीत असलात की पुरतं. तिथल्या एनईएचच्या (मानव्यविद्यांना पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) भरवशावर मात्र घरभाड्याचा करार करू नका, एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ग्रँटसुद्धा मोठ्या संख्येनं रद्द झाल्यात.

## ३. कॅलेंडर उलटं मोजा

शेवटची तारीख लिहा आणि तिथून मागे या. फुलब्राइट-नेहरूची तारीख साधारण जुलैच्या मध्यात असते असं धरलं तर:

जानेवारी-फेब्रुवारीत तिकडच्या प्राध्यापकांना पहिला मेल. मार्चमध्ये गाईडशी आणि प्राचार्यांशी बोलणं, शिफारस कोण देणार ते पक्कं. एप्रिलमध्ये नमुना म्हणून द्यायचा लेख तयार. मे महिन्यात प्रपोजलचा पहिला खर्डा, तोही विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला देऊन. जूनमध्ये दुरुस्त्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सबमिट.

मे महिन्यात आपल्याकडे कॉलेजं बंद, ऑफिसात क्लार्क नाही, प्राचार्य गावाला. एनओसी मागायची तर एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत, नाहीतर थेट १५ जूननंतर.

## ४. पत्रं, हीच खरी लढाई

तिकडच्या संस्थेचं पत्र. ज्यांना मेल करताय त्यांचं निदान एक काम वाचलेलं हवं. मेल दहा-बारा ओळींचा, त्यात मी कोण, माझा प्रश्न काय, तुमच्याकडेच का, किती महिने, आणि पैसे मी फेलोशिपमधून आणणार आहे हे स्पष्ट. शेवटचं वाक्य विसरलात तर त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्याकडेच फंडिंग मागताय आणि उत्तर येत नाही. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हम्बल स्टुडंट" असली सुरुवात काढून टाका. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे जा. पाच-सहा जणांची यादी असू दे.

शिफारसपत्रं. सगळ्यात मोठ्या नावाच्या मागे लागू नका. कुलगुरूंनी लिहिलेलं "ही विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे" आणि तुमचा चॅप्टर ओळ न् ओळ वाचलेल्या सरांनी लिहिलेलं एक पान, यात फरक असतो. पत्र मागताना सरांना सोबत द्या: खर्ड्याचं एक पान, तुमचा सीव्ही, फेलोशिप कशाला पैसे देते त्याच्या चार ओळी, शेवटची तारीख खरीपेक्षा आठ दिवस आधीची. आणि "तूच लिहून आण, मी सही करतो" असं म्हणाले तर नम्रपणे म्हणा की सर मी मुद्दे लिहून देते, भाषा तुमची असू द्या. तिन्ही पत्रं एकाच माणसानं लिहिल्यासारखी दिसली की संपलं.

माझंच सांगते. एका ठिकाणी माझं सगळं तयार होतं, सरांनी पत्र द्यायचं कबूल केलेलं, पण पत्र अपलोड करायची लिंक असलेला मेल त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडला आणि मी संकोचापोटी विचारलंच नाही, म्हटलं मोठी माणसं, सारखं काय विचारायचं. अर्ज अपूर्ण म्हणून बाद. तेव्हापासून मी समोर बसून लिंक उघडून घेते.

एनओसी. नोकरीत असाल तर अर्ज "थ्रू प्रॉपर चॅनल" जावा लागतो. सही, शिक्का, जावक क्रमांक, तिन्ही हवेत. जिथे आगाऊ प्रत चालते तिथे ती पाठवून ठेवा आणि एनओसी नंतर द्या.

तपासा: प्रत्येक पत्रावर तुमचा विषय आणि कालावधी एकच आहे का? प्रपोजलमध्ये नऊ महिने, पत्रात सहा, असं फार होतं.

## ५. आता प्रपोजल

इथवर आलात की लिहायला बसा. वाचणाऱ्या समितीत तुमच्या विषयाचा माणूस असेलच असं नाही, इतिहासाचं प्रपोजल भाषाशास्त्राचे प्राध्यापक वाचतात, तेही पन्नास प्रपोजलांच्या गठ्ठ्यात.

मला येणाऱ्या बहुतेक खर्ड्यांची सुरुवात अशी असते:

"महाराष्ट्राला थोर इतिहास लाभलेला आहे. पेशवेकालीन स्त्रियांचे स्थान हा अत्यंत महत्त्वाचा विषय असून त्यावर फारसे संशोधन झालेले नाही. प्रस्तुत संशोधनात पेशवे दफ्तरातील कागदपत्रांच्या आधारे या विषयावर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न केला जाईल."

यात प्रश्न कुठेय? पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, त्यातले कुठले बघणार? मोडी येतं का? हेच असं लिहून बघा:

"नवरा वारल्यावर पाटीलकीचं वतन बायकोकडे राहायचं की भाऊबंद घ्यायचे? अठराव्या शतकात पुणे प्रांतातल्या विधवांनी सरकारात केलेल्या तक्रारी आणि त्यांवरचे निवाडे मी वाचणार आहे. मोडी मला वाचता येते, नमुना म्हणून वीस कागदांचं लिप्यंतर सोबत जोडलंय. उरलेले कागद पुणे पुराभिलेखागारातल्या पुढील रुमालांत आहेत."

पहिल्या वाक्यातच भांडण आहे, त्यामुळे भाषाशास्त्राचे सरसुद्धा पुढे वाचतात. आणि काम होणार आहे याची खात्री वीस कागदांनी दिली, विशेषणांनी नाही.

लिहिण्याचा क्रम मी असा ठेवते: प्रश्न, मग तो कोणी कुठवर सोडवलाय, मग माझ्याकडे कुठलं साधन आहे, मग महिन्यागणिक काय करणार, मग शेवटी हातात काय पडेल. विषयाचं महत्त्व वेगळं लिहायची गरज पडत नाही. माझ्या पहिल्या नापास प्रपोजलमध्ये बाराशे शब्दांतले नऊशे महत्त्वातच खर्ची पडले होते.

⚠ "यावर संशोधन झालेलं नाही" हे वाक्य शोधून खोडा. एकीनं जात्यावरच्या ओव्यांवर कोणीच काम केलेलं नाही असं ठोकून दिलं होतं, आणि पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर जात्यावरच्या लाखभर ओव्यांचा संग्रह पडलाय. समितीत एकाला जरी ते माहीत असलं तरी पुढचं सगळं संशयानं वाचलं जातं. त्यापेक्षा लिहा की संग्रह झालाय, पण मी त्यातल्या भावाबहिणीच्या ओव्यांत जमिनीच्या वाटणीबद्दल काय येतं तेवढंच बघणार आहे.

⚠ स्वतःच्या सिनॉप्सिसमधून उचललेले परिच्छेद आधी कुठून आलेत ते आठवा. शोधगंगेवरच्या, म्हणजे थीसिसांच्या ऑनलाइन भांडारातल्या, कुठल्या थीसिसमधून दोन वर्षांपूर्वी कॉपी केलं होतं ते विसरायला होतं, सॉफ्टवेअर विसरत नाही, आणि चोरी सापडली की अर्ज तिथेच बाद.

तपासा: प्रपोजल आईला, भावाला, शेजारच्या इंजिनिअरला वाचायला द्या आणि कागद काढून घेऊन विचारा, मी काय शोधणार आहे? एका वाक्यात सांगता आलं नाही तर पहिलं पान परत लिहा.

## ६. बजेट

सगळीकडे लागत नाही, ठरलेला स्टायपेंड असतो तिथे प्रश्नच नाही. जिथे लागतं तिथे कामाच्या वेळापत्रकातून आकडे काढा. पणजीच्या पुराभिलेखागारात सहा आठवडे बसणार म्हणजे सहा आठवड्यांची राहायची सोय, येणं-जाणं, प्रतींची फी. मोडी किंवा पोर्तुगीज वाचून देणाऱ्याचं मानधन पानावर धरा, "तज्ज्ञ मानधन ४०,०००" असं गोळाबेरीज नको. गावात ज्यांच्या मुलाखती घेणार त्यांचा दिवस बुडतो, तोही खर्च मांडा, देणाऱ्याला ते आवडतंच.

"इतर खर्च ५०,०००" पाहिला की कात्री लागते. लॅपटॉपलाही बहुतेक ठिकाणी. आणि फार कमी मागणं ही पण चूक आहे बरं का, आपल्याकडची संकोची माणसं निम्मे पैसे मागतात, मग समितीला वाटतं यांना कामाचा अंदाजच नाही.

## ७. सबमिट

शेवटच्या दिवशी पोर्टल बसतं, हे गृहीत धरा. परदेशी फॉर्मवर वेळ कुठल्या देशाची ते बघा. पीडीएफचं नाव "फायनल फायनल २" ठेवू नका, आडनाव आणि कागदाचं नाव पुरे. शब्दमर्यादा पाळा, फॉन्ट बारीक करून पळवाट काढू नका. मराठीतून देत असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधली फाइल पलीकडे उघडली की चौकोन दिसतात.

सबमिट झाल्यावर भरलेल्या फॉर्मची प्रत उतरवून घ्या. इंटरव्ह्यूत त्यावरच विचारतात आणि तोवर आपण काय लिहिलं ते आठवत नाही.

## ८. इंटरव्ह्यू

दोन प्रश्न जवळपास नक्की येतात: हे काम इथे राहून का नाही होणार, आणि अमुक कागद मिळाले नाहीत तर काय कराल. दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवा, म्हणजे दुसरं दफ्तर, दुसरा संग्रह नावासकट. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. फुलब्राइटच्या बाबतीत एक गोष्ट आधीच पचवा, 'जे-१' प्रकारच्या व्हिसावर गेलात की परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते, त्यामुळे लगेच तिकडे नोकरी हा बेत असेल तर आत्ताच विचार करा.

## ९. नाही मिळाली तर, आणि मिळाली तर

नाही मिळाली तर शेरे मागा, काही ठिकाणी देतात. फोल्डर जपून ठेवा, रेफरींना कळवा की या वेळी झालं नाही, पुढच्या वर्षी परत त्रास देईन. गप्प बसून वर्षानं उगवलात की पत्र कोरडं येतं.

मिळाली तर पहिल्यांदा चालू फेलोशिपचं बघा. एका वेळी दोन सरकारी फेलोशिप घेता येत नाहीत, लपवलं तर वसुली लागते, आणि बार्टी-सारथीकडे असताना जेआरएफ लागली तर आधी लेखी कळवून पहिली सोडायची, मगच दुसरी रुजू करायची. बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लावा, युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी सीए शेवटच्या आठवड्यात सापडत नाही.

जेआरएफवाल्यांनी अजून एक करा. तुमचे पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवर युनिव्हर्सिटीनं दर महिन्याला कन्फर्म केल्यावरच सुटतात, आधी मेकर टाकतो, मग चेकर मंजूर करतो. हे दोघं कोण, कुठल्या खोलीत बसतात आणि रजेवर गेले तर लॉगिन कोणाकडे असतं, एवढं पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीचे चार महिने अडकले, यूजीसीला मेलवर मेल झाले, आणि शेवटी निघालं काय तर चेकर मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलेलंच नव्हतं.